कार्ड ४० टक्क्यांच्या वर चढेना, तरी बस अडखळूलीय

लालपरी_खानापूर · शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. ग्राफिक्स कार्डाचं दुखणं घेऊन आलोय, सांभाळून घ्या.

गणपतीत दोन मंडळांच्या लायटिंगचं काम करून पैसे साठवलो आणि जुनं १०५० टीआय विकून जीटीएक्स १६६० सुपर घेतलो. सेकंडहँड. बाकी सगळं आहे तेच: आय३ १०१००एफ प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज देणारा डबा), एसएसडी, आणि ७५ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर.

गेम युरो ट्रक सिम्युलेटर २. त्यात बसचा मॉड (बाहेरच्यांनी बनवलेली जोडणी), कुणीतरी बनवलेला भारताचा नकाशा, आणि रस्ता भरलेला दिसावा म्हणून ट्रॅफिकचा मॉड. बसला लाल एसटीचा रंग दिलाय. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर जरा काही झालं की पहिली एसटी बंद होते, निदान माझ्या खोलीत तरी चालू राहू दे म्हणून.

आता त्रास सांगतो. शहरात शिरलो की एफपीएस (सेकंदाला निघणाऱ्या फ्रेम) ४० ते ४५. कार्डाचा लोड बघितलो तर ४१ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त कार्ड झोपलंय की. जुन्या कार्डावर पण ४०-४२ मिळायचे, मग एवढे पैसे कशाला घातलो मी? वळणावर तर अशी अडखळते की पावसाळ्यातला जांबोटी रस्ता आठवतो. कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) काढून दोनदा नवा टाकलो. फरक शून्य.

कार्ड डुप्लिकेट आहे काय? पप्पांना अजून सांगितलो नाही.

चंदगडी_काजू · शनिवार, रात्री ११:२०

क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये पिळलेलं कार्ड गळ्यात मारलंय कुणीतरी. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि असली कार्डं बाजारात भाजीसारखी आली. गेले पैसे. जेवून झोप.

तात्या_वडगाव · शनिवार, रात्री ११:४१

बाळा, घाबरू नको. खेड्यात पंपांना थ्री फेज सोडली की व्होल्टेज पडतं. आमच्या पाहुण्यांकडे ट्यूबलाइट डोळे मिचकावत असते. कार्डाला पुरता करंटच मिळत नसेल तर ते धावणार कसं? आधी स्टॅबिलायझर बसव. आणि मॉनिटरची वायर कार्डाला लावलीस की मदरबोर्डला, ते पण बघ. माझ्या नातवाने चार महिने मदरबोर्डला लावून खेळ खेळला होता.

लेथवाला_उद्यमबाग · रविवार, सकाळी ७:०५

तात्या, तुमचा मान राखून सांगतो, दोन्ही गोष्टी इथे लागू नाहीत. १०१००एफ मधला तो शेवटचा एफ म्हणजे प्रोसेसरात ग्राफिक्सच नाही. वायर मदरबोर्डला लावली असती तर पोराला काळा पडदा दिसला असता, ४० एफपीएस कुठले? आणि एसएमपीएस ट्यूबलाइटसारखा मंद होत नाही. आत येणारा करंट खालीवर झाला तरी कार्डाला तो १२ व्होल्टच देतो. फारच पडला तर कॉम्प्युटर सरळ बंद होतो, नाहीतर रीस्टार्ट मारतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं म्हणून एफपीएस दहा टक्के पडले, असं होत नाही. लॅपटॉप चार्जर काढल्यावर हळू होतो ती गोष्ट वेगळी, तिथे कार्डाची वॅट मुद्दाम कमी केलेली असते.

आता खानापूरकर, तू ऐक. मी कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, बारा वर्षं झाली. मशीनच्या स्क्रीनवर स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) लोडचा आकडा असतो. समज तो ४० टक्के दाखवतोय आणि दिवसाचं प्रॉडक्शन कमी निघतंय. नवीन आलेला पोरगा म्हणतो स्पिंडल गेला. अरे, स्पिंडल गेला असता तर आवाज आला असता, जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, खुणा उठल्या असत्या. ४० टक्के म्हणजे त्याला तेवढंच काम मिळतंय. जॉब लावणारा हळू असेल, फीड कमी ठेवली असेल, नाहीतर कास्टिंगच वेळेवर आलं नसेल.

तुझं कार्ड म्हणजे स्पिंडल. जॉब लावणारा म्हणजे प्रोसेसर. प्रत्येक फ्रेमला कुठली गाडी कुठे आहे, कोण वळतंय, कुठल्या आरशात काय दिसायला पाहिजे, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्डाला सांगतो की काढ आता चित्र. प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीला २२ मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ४५च्या वर फ्रेम निघणार नाहीत. मग खाली १०५० टीआय असो की लाखाचं कार्ड असो. दोन्ही कार्डांवर तुला तेच ४०-४५ मिळाले, ही तक्रार नाही गा, हाच पुरावा आहे.

पण अंदाजावर चालायचं नाही. आफ्टरबर्नर घाल, कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतो. स्क्रीनवर हे सगळं काढ: कार्डाचा लोड, कार्डाची क्लॉक (चालायचा वेग), वॅट, तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ), आणि प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (कामाची रांग) वेगळा. एकूण प्रोसेसर बघू नको, तो फसवतो. एकाच शहरात, एकाच चौकात उभा राहून आकडे घे आणि इथे टाक.

लालपरी_खानापूर · रविवार, दुपारी १:३०

दादा, घेतलो. बसस्टँडच्या बाहेरचा चौक, दुपारची वेळ, ऊन.

एफपीएस ४४. फ्रेमटाइम २२ ते २३, मधेच ६०-७० वर उडी. कार्ड लोड ४१ टक्के, क्लॉक १४०० च्या आसपास, ५२ वॅट, ५८ अंश. व्हीरॅम २.६ जीबी. रॅम ८ पैकी ७.५. प्रोसेसर एकूण ३४ टक्के, पण थ्रेड बघितलो तर एक ९० च्या वर, बाकीचे निवांत.

आमच्या गल्लीतला एक जण म्हणाला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' कर. केलो. तर लोड आणखी उतरला की! ३० टक्के. एफपीएस तेवढेच. आता तर मला रडू यायचं बाकी आहे.

घटप्रभा · रविवार, दुपारी २:१५

रडू नकोस, हे तर फार चांगलं झालं. नवी क्लॉक किती दिसली? १९०० च्या जवळपास असणार.

लालपरी_खानापूर · रविवार, दुपारी २:१९

१९२०. ताई, तुम्हाला कसं कळलं?

घटप्रभा · रविवार, दुपारी २:५०

हिशेबाने. लोडचा टक्का म्हणजे कार्ड किती वेळ कामात होतं, एवढंच. त्या वेळी ते किती वेगाने चालत होतं ते टक्क्यात येत नाही. आधी काम कमी म्हणून कार्डाने स्वतःच क्लॉक १४०० वर आणली होती, आणि त्या वेगात ४१ टक्के वेळ लागत होता. आता क्लॉक १९२० झाली, तेवढंच काम ३० टक्के वेळात उरकलं. १४०० गुणिले ४१ आणि १९२० गुणिले ३०, दोन्ही करून बघ, जवळजवळ सारखंच येतं. त्यामुळे नुसता लोडचा आकडा बघून कार्डाला शिव्या घालायच्या नाहीत. क्लॉक आणि वॅट शेजारी पाहिजेत. या कार्डाची मर्यादा १२५ वॅट आहे, तुझं ५२ वर बसलंय. त्याला दम लागलेला नाही.

ती सेटिंग परत होती तशी कर. फुकट वीज आणि उष्णता.

डुप्लिकेटची शंका राहायला नको म्हणून जीपीयू-झेड उघड, कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. १६६० सुपरमध्ये १४०८ शेडर (हिशेब करणारी युनिटं) आणि जीडीडीआर६ मेमरी ६ जीबी दिसली पाहिजे. पण खरी परीक्षा दुसरी. गेमच्या ग्राफिक्समध्ये स्केलिंग (चित्र किती पिक्सेलचं काढायचं ते) आहे ना, ते १०० वरून २०० टक्के कर. बाकी कशाला हात लावू नको. त्याच चौकात, तेवढ्याच गर्दीत उभा राहा. पिक्सेल वाढले की काम कार्डाचं वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस ४४ च्या आसपासच राहिले आणि लोड वर गेला तर कार्ड निर्दोष. एफपीएस धाडकन पडले तर मी माझे शब्द मागे घेते.

एक थ्रेड ९० च्या वर आहे हे दिसलं ते बरं झालं. कधी कधी तेही दिसत नाही, कारण विंडोज एकच काम या थ्रेडवरून त्या थ्रेडवर फिरवत राहते आणि सगळेच ५०-६० दिसतात. मग लोक म्हणतात प्रोसेसर रिकामा आहे.

जर्दा_निपाणी · रविवार, दुपारी ४:०२

मधेच घुसतो, माफी असावी. माझं बरोबर उलटं आहे. जीटीएक्स १०६०, गेम जीटीए ५. लोड ९९ टक्के, सुरुवातीला ८० एफपीएस, आणि वीस मिनिटांत ५५ वर. गेम बंद करून तासाने लावला की परत ८०. हे कुठल्या देवाचं?

लेथवाला_उद्यमबाग · रविवार, दुपारी ४:३०

हे तापमानाच्या देवाचं. वीस मिनिटांनंतर किती अंश? आणि घर कुठल्या भागात? तुझं नाव वाचून शंका यायलीय.

जर्दा_निपाणी · रविवार, दुपारी ४:४१

८४ अंश. क्लॉक १८५० वरून १५०० च्या खाली. घराला लागून तंबाखूची वखार आहे दादा, ओळखलंत.

लेथवाला_उद्यमबाग · रविवार, संध्याकाळी ५:२५

मग उघडून बघायच्या आधीच आत काय असणार ते सांगतो. तंबाखूची धूळ साध्या धुळीसारखी सुटी राहत नाही, चिकटते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर बसून नमदा होतो, पंखा कितीही ओरडला तरी हवा आरपार जात नाही. या पिढीच्या कार्डांची तापमानाची हद्द मुळातून ८३ अंशांवर ठेवलेली असते. तिथे पोचलं की कार्ड स्वतःला वाचवायला क्लॉक उतरवतं. तू बघतोयस ते हेच. जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर परफकॅप रीझन (वेग कशामुळे अडला ते) म्हणून एक ओळ असते, तिथे त्या वेळी थर्म, म्हणजे तापमान, असं येईल. बघून खात्री कर.

आमच्याकडे याच्यापेक्षा वाईट. फाउंड्रीच्या बाजूला दुकान असलेल्या एका मित्राच्या कॅबिनेटमध्ये लोखंडाची बारीक पूड निघाली होती. ती तर करंट वाहून नेते. त्याचा मदरबोर्ड गेला.

सफाईचं सांगतो. कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली. कार्ड बाहेर काढ, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेव. मोकळा सोडलास तर भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. नुसत्या हवेने तुझा थर निघायचा नाही, हीटसिंक सोडवावा लागेल. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल नाही, थिनर नाही, आधीच सांगून ठेवतो. थर्मल पेस्ट नवीन लाव आणि मेमरीवरचे पॅड फाटू देऊ नको. हाताला सवय नसेल तर एखाद्या मोबाइल रिपेअरवाल्याला शेजारी बसव.

तात्या_वडगाव · रविवार, संध्याकाळी ६:१०

आणि धुतलेलं कार्ड पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. खानापूरकडच्यांनी तर पावसाळ्यात जास्त जपावं, तिकडे भिंतीला पण घाम येतो. व्होल्टेजचं माझं चुकलं, मान्य आहे. पण यूपीएस तरी असू द्या, लाइट गेली की विंडोज बिघडते.

चंदगडी_काजू · रविवार, संध्याकाळी ६:१५

तात्यांनी चूक मान्य केली. धाग्याला कुंदा वाटा.

लालपरी_खानापूर · रविवार, रात्री ९:४८

घटप्रभाताई, टेस्ट झाली. स्केलिंग २०० टक्के: एफपीएस ४३, लोड ७८ टक्के, क्लॉक १९०० च्या वर, तापमान ६७. जीपीयू-झेडमध्ये १४०८ आणि जीडीडीआर६ दोन्ही बरोबर.

म्हणजे कार्ड चांगलंय! आत्ता पप्पांना सांगितलो. ते म्हणाले, कसलं कार्ड?

घटप्रभा · रविवार, रात्री १०:२०

आता कार्डाचा विषय मिटला, कामाचं बोलू. तुझ्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तू ती एकच समजतोयस.

एक, एफपीएस ४४ वर अडकलेत. दुसरं, मधेच ६०-७० मिलिसेकंदाची उडी बसते. अडखळणं वाटतं ते या दुसऱ्यामुळे. सरासरी ४४ असूनही गेम सलग वाटू शकतो, पण एक फ्रेम ७० मिलिसेकंद थांबली की डोळ्याला लगेच कळतं. मला या उड्यांमागे रॅम वाटते. ८ पैकी ७.५ भरलीय. नकाशाचा पुढचा तुकडा आत घ्यायला जागा नसली की विंडोज आधीचं काहीतरी एसएसडीवर ढकलते. आणि एसएसडी कितीही पळाली तरी रॅमच्या मानाने ती बैलगाडीच.

शिवाय एकच रॅम म्हणजे सिंगल चॅनेल. आणखी एक ८ जीबी टाकलीस तर जागाही दुप्पट आणि प्रोसेसरला डेटा यायची वाटही दुप्पट. तुझा प्रोसेसर २६६६ पर्यंतच चालवतो, तेव्हा ३२०० च्या रॅमला जास्तीचे पैसे देऊ नकोस, ती तुझ्याकडे २६६६ वरच पळेल.

लालपरी_खानापूर · बुधवार, रात्री ८:३३

चिकोडीला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बंद पडलेला कॉम्प्युटर होता. मामा म्हणाला, ने सगळं काढून. रविवारी रात्रीच ठरवलो, मंगळवारी बसने गेलो, रॅम काढून खिशात घालून आलो. घरी येऊन लावतोय तर बसेना. जोर लावणार होतो, पण आई म्हणाली की बसत नाही ते बसवायचं नसतं.

लेथवाला_उद्यमबाग · बुधवार, रात्री ८:४०

आईच्या पाया पड. ती डीडीआर३ असणार. खाच वेगळ्या जागी असते. जोर लावला असतास तर स्लॉट मोडला असता.

लालपरी_खानापूर · बुधवार, रात्री ८:४४

डीडीआर३च निघाली. चिकोडी ते खानापूर एवढा प्रवास, दोन बस बदलून. 😭

जर्दा_निपाणी · गुरुवार, सकाळी १०:१०

माझं झालं! हीटसिंक सोडवला तर आत पात्याच दिसत नव्हत्या, तपकिरी गादी. वास तर असा की सगळ्या घराला शिंका. साफ करून नवीन पेस्ट लावली. आता तासभर खेळून ७१ अंश, क्लॉक १८५० वर टिकून, एफपीएस ७८ ते ८०. वखारीकडची खिडकी बंद केलीय आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलंय. दादा, निपाणीला आलात तर चहा नक्की.

लालपरी_खानापूर · शुक्रवार, रात्री ९:१५

बेळगावात गणपत गल्लीच्या मागं एका ओळखीच्याकडून ८ जीबी डीडीआर४ मिळाली. २४०० ची आहे. आता दोन्ही २४०० वरच दाखवूलेत, चालतं का?

घटप्रभा · शुक्रवार, रात्री ९:४०

चालतं. दोन वेगळ्या वेगाच्या लावल्या की दोन्ही कमी वेगाच्या चालीने चालतात. २६६६ चे २४०० झाले त्याचं नुकसान किरकोळ, एकाच्या दोन वाटा झाल्या त्याचा फायदा त्याहून पुष्कळ मोठा. पण योग्य स्लॉटमध्ये आहेत ना? तुझ्या बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ड्युअल (दोन वाटा) दिसलं की झालं. आणि आकडे टाक.

लालपरी_खानापूर · शुक्रवार, रात्री ११:०५

ड्युअल दिसूलंय. तोच चौक, तेच ऊन, स्केलिंग परत १०० वर. एफपीएस ५५. कार्ड लोड ५२. रॅम १६ पैकी १०. आणि त्या ७० च्या उड्या गायब. वळणावर बस अशी गेली की मला वाटलं गेमच बदलला.

पण ६० काय येईनात.

लेथवाला_उद्यमबाग · शनिवार, सकाळी ६:५०

आता जॉब लावणाऱ्याचं ओझं कमी कर. तुझा ट्रॅफिकचा मॉड किती गाड्या सोडतो? या गेमचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर पडतं. गाड्या तिप्पट केल्या तर तो थ्रेड घामाघूम होणारच. गेमचा कन्सोल (हुकूम टाइप करायची खिडकी) सुरू कर, त्यात यूसेट, मग जी अंडरस्कोर ट्रॅफिक, आणि पुढे १ टाक. १ म्हणजे गेमची मूळ गर्दी. तुझ्या मॉडने ३ किंवा ४ ठेवलं असणार.

दुसरं, आरसे. बसला आरसे मोठे आणि जास्त. प्रत्येक आरसा म्हणजे तोच रस्ता परत एकदा काढायचा. आरशाचं अंतर आणि क्वालिटी एकेक पायरी खाली घे. मागून येणारा टेम्पो दिसला की पुरे, त्याच्या नंबरप्लेटवरची धूळ दिसायची गरज नाही.

हे करून एफपीएस ६० च्या वर गेले की रिव्हाट्यूनरमध्ये ६० ची मर्यादा घाल. ७५ च्या मागे लागू नको, तुझा प्रोसेसर शहरात ७५ टिकवणार नाही, मग परत खालीवर. ६० वर बांधलंस की प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाला येते आणि हाताला स्टिअरिंग सारखं लागतं.

चंदगडी_काजू · शनिवार, सकाळी ८:३०

गर्दीशिवाय कसली एसटी? रिकामा रस्ता म्हणजे संचारबंदी वाटते.

लालपरी_खानापूर · शनिवार, रात्री १०:२०

केलो. मॉडमध्ये ४ होतं! १ केलो तर रस्ता भकास वाटला, काजूभाऊंचं बरोबर आहे, म्हणून २ ठेवलो. आरसे एक पायरी खाली. चौकात ६५-६८, हायवेला ९० पर्यंत. ६० ला बांधलो. फ्रेमटाइमची रेघ आता इस्त्री केल्यासारखी सरळ. दीड तास चालवलो, एकदा पण झटका नाही.

आणि गंमत ऐका. आत्ता कार्डाचा लोड बघितलो. ४३ टक्के.

घटप्रभा · शनिवार, रात्री १०:३१

😂 आता त्याच्यावर नवीन धागा काढू नकोस म्हणजे झालं.

लालपरी_खानापूर · शनिवार, रात्री १०:३६

नाही ताई. आकड्यांची पट्टीच बंद केलो, फक्त एफपीएस ठेवलोय. कार्ड उरलंय म्हणून स्केलिंग १५० केलो, पाट्यांवरची अक्षरं कोरल्यागत दिसूलेत.

पप्पा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांची सगळी नोकरी डेपोत गेली. म्हणाले, दुसऱ्या गियरमध्ये घाट उतर, ब्रेक तापतील.

तात्या_वडगाव · रविवार, सकाळी ६:१५

त्यांना माझा नमस्कार सांग. कुठला डेपो?